दाखल्यावाचून सुटलेली शाळा



वसंतातील व्याख्यानांना विद्वानांना पाचारण करावे अशी आपल्याकडची रीत आहे. माझे शिक्षण आठवीपर्यंत झाले. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या गेटवर, युनियनच्या कचेरीत आणि कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयातल्या बाकावर. म्हणून संयोजकांनी जेव्हा "आपला मुलूख मागे टाकून दूर गेलेले विद्यार्थी आणि त्यांची ओढ" असा विषय सुचविला, तेव्हा मी त्यांना म्हटले की, ओढ वगैरे कवींनी सांगावी. मला फॉर्म भरता येतात, त्याविषयी बोलतो. ते हसले. पण मी थट्टा करीत नव्हतो. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या आपल्या तीन गावांत एखाद्या माणसाचा देश सुटला म्हणजे नेमके काय सुटले, हे मला प्रथम एका फॉर्मवरूनच कळले.

ही गोष्ट १९९६ सालची. आदल्या नोव्हेंबरात, म्हणजे १६ नोव्हेंबर १९९५ पासून, प्रॉव्हिडंट फंडाला जोडून कामगारांची पेन्शन योजना सुरू झाली होती. तोवर आपल्या जन्मतारखेकडे कोणी फारसे पाहत नसे. आता जो तो सर्व्हिस कार्डावरची तारीख तपासू लागला, आणि अंबरनाथच्या एका कारखान्यातले एक ग्राइंडर संध्याकाळी आमच्या कचेरीत आले. उंच, किंचित वाकलेले, सिंधी गृहस्थ. सगळे त्यांना 'दादा' म्हणत. ते म्हणाले, "माझ्या कार्डावर जन्मसाल १९३८ आहे. मी १९४० चा आहे. हे लोक मला दोन वर्षे आधी घरी पाठवीत आहेत."

चौकशी केली तेव्हा कळले की १९६४ साली ते कामाला लागले, त्या दिवशी टाइमकीपरने वय विचारले. यांनी चोवीस सांगितले. समोरचा माणूस अंगाने थोराड, तेव्हा त्याने सव्वीस लिहिले. वाद घालणाऱ्याला काम मिळत नाही, म्हणून हे गप्प राहिले. बत्तीस वर्षांनी त्या एका शब्दाची किंमत दोन वर्षांचा पगार आणि पेन्शनमधली घट एवढी होत होती. मी अर्थातच पहिला प्रश्न विचारला, "दादा, शाळा सोडल्याचा दाखला?"

ते म्हणाले, "पुट, मी शाळा सोडलीच नाही."

सिंधीत मुलाला पुट म्हणतात. मला वाटले त्यांना प्रश्न समजला नाही. मग त्यांनी सांगितले. शिकारपूरच्या शाळेत ते दुसरीत होते. १९४८ च्या जानेवारीत एका दुपारी शाळा नेहमीप्रमाणे सुटली. दुसऱ्या दिवशी पहाटे घरचे सगळे सक्करच्या बाजूने कराचीकडे निघाले. कोणी मास्तरांना सांगितले नाही, कोणी नाव कमी करून घेतले नाही, फी चुकती केली नाही. त्यांच्या हिशेबाने त्यांचे नाव अजून त्या हजेरीपटावर होते आणि ते फक्त गैरहजर होते.

मित्रहो, गैरहजेरी म्हणजे काय ते आम्हा कामगारांना चांगले ठाऊक असते. राजीनामा दिलेला माणूस वेगळा आणि बिनपगारी गैरहजर राहिलेला वेगळा. पहिल्याचा हिशेब होतो. दुसऱ्याचा खाडा चढत राहतो.

येथे थोडा इतिहास सांगितला पाहिजे, कारण आपल्यापैकी पुष्कळांना सिंध म्हणजे कुठला तरी फार दूरचा मुलूख वाटतो. तसा तो नव्हता. १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध हा आपल्या मुंबई इलाख्याचाच भाग होता. ठाणे जिल्हा जितका मुंबईच्या गव्हर्नरचा, तितकाच कराची जिल्हाही. कराचीचे दयाराम जेठमल कॉलेज १८८७ साली निघाले, ते मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते. सिंधचे स्वतःचे विद्यापीठ १९४७ च्या एप्रिलमध्ये स्थापन झाले, म्हणजे फाळणीच्या जेमतेम चार महिने आधी. तोपर्यंत पुण्याचा विद्यार्थी आणि हैदराबाद-सिंधचा विद्यार्थी एकाच विद्यापीठाची परीक्षा देत होते. त्याच्याही मागे जावे तर सिंधमधल्या सरकारी शिक्षणाच्या आरंभी एक मराठी माणूस उभा दिसतो. नारायण जगन्नाथ वैद्य हे तिकडे डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर होते. कराचीत १८५५ साली सुरू झालेल्या सरकारी शाळेला पुढे त्यांचेच नाव मिळाले, आणि ते आजही टिकून आहे.

हे मी वाचनालयात वाचले तेव्हा मला आनंद झाला, आणि मागोमाग एक गोष्ट खटकली. फाळणीनंतर जे बी.ए., एल्‌एल.बी. होऊन इकडे आले, त्यांची पदवी मुंबई विद्यापीठाची होती. त्यांचा कागद ते ज्या गावी आले त्याच गावी होता. हैदराबादच्या नॅशनल कॉलेजचे प्राचार्य कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांनी तर कॉलेजच इकडे आणले. १९४९ साली ते वांद्र्याला उभे राहिले. हे कार्य मोठे आहे, त्याविषयी मला आदर आहे. पण दुसरीतल्या मुलाचा दाखला मुंबईत नव्हता. तो शिकारपूरच्या शाळेतल्या कपाटात होता. ज्याने जास्त शिकले होते त्याचे कमी हरवले, आणि ज्याची शिकण्याची सुरुवातच झाली होती त्याचे सगळे तिकडे राहिले. देश सर्वांचा एकच सुटला, पण सर्वांचा सारखा सुटला नाही.

दादांचा प्रवास त्यांच्या तोंडून ऐकला तो असा. कराचीत ६ जानेवारी १९४८ ला दंगल झाली आणि ज्यांचे मन तोवर डळमळत होते त्यांनीही गाशा गुंडाळला. बोटीने मुंबई, मुंबईहून गाडीने कल्याण, आणि तेथून कल्याण कॅम्प. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या या छावणीत दोन हजारांवर बराकी होत्या. युद्ध संपले, शिपाई गेले, बराकी ओस पडल्या, आणि त्यांत लाखाच्या घरात माणसे आणून सोडली. एका लांबलचक बराकीत तरटाचे पडदे लावून एकेक कुटुंब. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीचे नाव उल्हासनगर असे ठेवले गेले. नाव नदीवरून आले. म्हणजे सिंधू नदीच्या काठची माणसे उल्हास नदीच्या काठी आली, आणि त्यांच्या पत्त्यात गल्ली, मोहल्ला, हवेली यांच्या जागी बराक नंबर आला. अजूनही येतो. कॅम्प एक ते पाच, बराक अमुक, खोली तमुक. शिपायांचे पत्ते शाळकरी मुलांना चिकटले ते कायमचे.

शाळा बराकींतच भरू लागल्या. मास्तर सिंधमधलेच. दादा तिसरीत बसले खरे, पण वडील शिकारपूरला हुंडीचा व्यवहार करणारे. इकडे त्यांच्याकडे ना भांडवल ना पत. मुलाने पाचवीपर्यंत काढली आणि लोकलमध्ये गोळ्या, पेपरमिंट विकू लागला. त्या काळी कल्याण ते बोरीबंदर गाड्यांतून अशी कितीतरी सिंधी मुले फिरत. पुढे गावात तळरेजा कॉलेज १९६१ साली निघाले, चांदीबाई कॉलेज १९६५ साली. दादा तोवर ग्राइंडिंग मशिनवर उभे होते.

आता वयाचा पुरावा कसा मिळवावा? डॉक्टरांनी नुसते पाहून "साठीच्या आत" एवढे लिहून दिले, ते काय उपयोगाचे. मग मी दादांना विचारले, आई काय सांगत असे? आपल्याकडेही जुनी माणसे प्लेगच्या साली, भूकंपाच्या साली असे जन्म सांगतात. ते म्हणाले, आई म्हणायची, सक्करला मंझिलगाहचा दंगा झाला, त्यानंतरच्या चेटीचंडला तू झालास. मी तडक वाचनालय गाठले. सिंधच्या इतिहासावरची पुस्तके इंग्रजी, मी शब्दकोश घेऊन बसलो. तीन संध्याकाळी गेल्या. मशीद मंझिलगाहचे प्रकरण १९३९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातले निघाले. त्यानंतरचा चेटीचंड म्हणजे १९४० चा एप्रिल. आपला पाडवा आणि त्यांचा चेटीचंड बहुधा एका दिवसाच्या अंतराने येतात. म्हणजे दादा अशाच वसंतात जन्मले होते. आईच्या एका वाक्याने सालाबरोबर आठवडाही सांगितला होता. कार्डावरच्या शाईपेक्षा ते वाक्य अधिक नेमके होते. पण त्यावर शिक्का नव्हता.

प्रतिज्ञापत्र करायला बसलो. कारकुनाने जन्मस्थान विचारले. "शिकारपूर, सिंध," दादा म्हणाले. कारकून सवयीने "पाकिस्तान" लिहू लागला. तेव्हा एरवी कधी आवाज न चढविणारे हे गृहस्थ म्हणाले, "ते लिहू नका. पाकिस्तान माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान आहे."

कारकुनाने माझ्याकडे पाहिले. मी कारकुनाकडे पाहिले. शेवटी "शिकारपूर, तत्कालीन हिंदुस्थान" असे लिहिले गेले.

या प्रसंगावर मी पुष्कळ विचार केला आहे. हा केवळ अभिमानाचा प्रश्न नव्हता. पुढे २००५ साली सर्वोच्च न्यायालयात असाच प्रश्न मोठ्या स्वरूपात आला. राष्ट्रगीतातून 'सिंध' हा शब्द काढावा, कारण तो प्रांत आता भारतात नाही, असा अर्ज होता. न्यायालयाने तो फेटाळला. सिंध हा शब्द केवळ जमिनीचा तुकडा दाखवीत नाही, तो तेथल्या संस्कृतीचा आणि लोकांचाही आहे, असा त्या निकालाचा आशय होता. लक्षात घ्या की हे गीत २४ जानेवारी १९५० रोजी राष्ट्रगीत म्हणून स्वीकारले गेले, तेव्हा फाळणी होऊन अडीच वर्षे लोटली होती. नकाशावर नसलेला प्रांत गाण्यात असू शकतो, हे स्वीकारणाऱ्यांना ठाऊक होते. उल्हासनगरच्या बराकींतली मुले रोज सकाळी रांगेत उभी राहून आपल्या सुटलेल्या गावाचे नाव घेत होती, आणि त्याच रांगेतली आम्ही मराठी मुले तो शब्द नुसता यमकासारखा म्हणून टाकीत होतो.

आता ओढीविषयी. माझे वडील संगमेश्वराकडून अंबरनाथला काडीपेटीच्या कारखान्यात आले. त्यांनाही गाव सुटले होते, आणि गावाचे नाव काढले की त्यांचा चेहरा बदलत असे. पण ते गणपतीला आणि शिमग्याला गावी जात. जाताना गाव सोन्याचे असे. परत येताना चुलत्याशी बांधावरून झालेले भांडण, गळके छप्पर, बुजलेली विहीर हे सगळे बरोबर येई. म्हणजे वर्षातून दोनदा त्यांची आठवण दुरुस्त होत असे. दादांना ही दुरुस्ती कधी मिळाली नाही. १९४८ साली दोन्ही देशांत परवान्याची पद्धत आली, १९५२ साली पासपोर्ट आला, आणि पाचवी शिकलेल्या ग्राइंडरसाठी शिकारपूर चंद्राइतके लांब गेले. म्हणून त्यांचे शिकारपूर सात वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून पाहिलेलेच राहिले. झाकलेला बाजार, म्हणजे तिथला तो प्रसिद्ध ढक बाजार, त्यांच्या सांगण्यात मैलभर लांब होता. ज्या मुलखात परत जाता येते त्याची ओढ माणसाबरोबर मोठी होते, म्हातारीही होते. जिथे जाता येत नाही ती ओढ ज्या वयात सुरू झाली त्याच वयात थांबते. मला एवढेच कळले आहे. मानसशास्त्रज्ञांचे काय म्हणणे आहे ते त्यांनी सांगावे.

सिंधी लोकांना दूर जाण्याची सवय नव्हती असे मात्र नाही, उलट त्यांच्याइतकी कोणालाच नव्हती. शिकारपूरच्या सराफांच्या हुंड्या कंदाहार, बुखारा, समरकंदपर्यंत चालत. हैदराबादचे व्यापारी १८६० नंतर समुद्रमार्गे बाहेर पडले. सिंधी कारागिरीचा माल विकणारे म्हणून त्यांना सिंधवर्की म्हणत. मुंबई, कैरो, सिंगापूर, जावा, मनिला, हाँगकाँग, जपानात कोबे आणि योकोहामा अशा त्यांच्या पेढ्या पसरल्या. या दुकानांवर कोण जाई? शाळेतून नुकते उठवलेले पोरगे. अडीच-तीन वर्षांचा करार, राहणे-खाणे दुकानातच, घरचे सगळे मागे हैदराबादेत. युनियनवाल्याच्या नजरेने पाहिले तर या कराराबद्दल मला बरेच काही बोलता येईल, पण तो आजचा विषय नव्हे. विषय असा की, त्या पोराला घराची आठवण येत असे आणि करार संपला की तो घरी जात असे. १९४७ नंतर काय झाले? पेढ्या होत्या तिथेच राहिल्या. घर मात्र हलले. ज्याचा करार १९४८ साली संपला त्याने परतीचे तिकीट कुठले काढावे? निघाला होता हैदराबादच्या दुमजली घरातून, परत यायचे ते कल्याण कॅम्पच्या तरटामागे. प्रवासी जागच्या जागी होता आणि देशच प्रवासाला गेला होता.

तरी पोरे जातच राहिली. उल्हासनगरातून मॅट्रिक झालेली, न झालेली मुले हाँगकाँग, मनिला, पुढे दुबईला नातेवाइकांच्या दुकानांवर गेली. या दुसऱ्या पिढीची ओढ दुहेरी. त्यांना स्वतःला आठवे ते गोल मैदान, कॅम्पातली संध्याकाळ, लोकलची गर्दी. आणि आईबापांनी सांगितलेले सिंध त्याच्या मागे उभे. उल्हासनगरच्या मालावर 'मेड इन यूएसए' लिहितात, त्याचा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपण सगळ्यांनी ऐकला आहे. त्यात हिणवणे आहे हे खरे. पण ज्याचा कुठला देश ते सांगता येत नाही त्याने वस्तूंवर तरी नाव घालावे, असे मला त्या विनोदावर कधीकधी वाटते.

आठवण जपायची तर ती लिहिता यावी लागते, आणि येथे सिंधी मुलांची मोठीच पंचाईत झाली. दादांचे वडील हिशेब वाणिकोत लिहीत. ही व्यापाऱ्यांची लिपी, काना-मात्रा नसलेली. आपली मोडी जशी लिहिणाऱ्यालाच चांगली लागे, तशीच काहीशी. याच घराण्यातली खुदाबादी लिपी शाळांसाठी नीटनेटकी करण्याचे काम १८६८ साली सरकारने सोपविले ते पुन्हा आपल्या नारायण जगन्नाथ वैद्यांवरच. पण सरकारी शाळांत रुळली ती बावन्न अक्षरांची अरबी वळणाची सिंधी, १८५३ साली ठरविलेली. दादा दुसरीपर्यंत तीच शिकले. इकडे आल्यावर वाद सुरू झाला: सिंधी अरबी लिपीत लिहावी की देवनागरीत? एक पक्ष म्हणे, अरबी लिपी सोडली तर शाह लतीफपासूनचे सारे लिखाण मुलांना परके होईल. दुसरा म्हणे, देवनागरी घेतली नाही तर मुले या देशात परकी होतील. दोघांचेही खरे होते, हीच अडचण. १० एप्रिल १९६७ रोजी सिंधी भाषा घटनेच्या आठव्या परिशिष्टात आली. त्याचा उत्सव झाला. पण एका घरात आजोबा वाणिको, बाप अरबी-सिंधी, मुलगी देवनागरी आणि नातू फक्त इंग्रजी, अशा चार पिढ्या चार लिप्यांत बसल्या, तर आजोबांची चोपडी नातवाने कशी वाचावी? सिंधी माध्यमाचे वर्ग हळूहळू ओस पडले, त्याला पालकच जबाबदार आहेत असे म्हणणे सोपे आहे. आपण आपल्या मराठी शाळांचे काय केले ते आठवून मग बोलावे.

याच उल्हासनगरात राहून मोहन कल्पना यांनी सिंधीत कथा-कादंबऱ्या लिहिल्या. सिंधमधल्या कोटरी गावी १९३० साली जन्मलेला हा मुलगा फाळणीच्या वेळी सोळा-सतरा वर्षांचा होता. साहित्य अकादमीने १९८४ साली त्यांचा गौरव केला. १९९२ साली ते गेले. कॅम्पातून लोकल पकडून कामावर जाणाऱ्या आम्हा हजारो मराठी लोकांना आपल्या शेजारी असा लेखक राहतो हे माहीत नव्हते. मला स्वतःला ते कळले दादांकडून, तेही ते वारल्यावर काही वर्षांनी.

दादांच्या दाव्याचे काय झाले, ते राहिले. व्यवस्थापनाजवळ कार्ड होते, आमच्याजवळ प्रतिज्ञापत्र आणि आईचे वाक्य. समेटाच्या बैठकीत मी मंझिलगाहची तारीख सांगू लागलो, तेव्हा पलीकडचे साहेब म्हणाले, "हा इतिहासाचा तास आहे काय?" अखेर तडजोड झाली. दोन वर्षे मागितली होती, एक मिळाले. निम्मे वय मान्य झाले म्हणायचे.

आता आजच्या मुलांकडे येतो, कारण आशियातून हिंडणारे विद्यार्थी म्हटले की आज आपल्या तीन गावांत डोळ्यांसमोर येतात ती डॉक्टर व्हायला बाहेर गेलेली मुले. इकडे सरकारी कॉलेजात जागा नाही आणि खासगी कॉलेजची फी कामगाराच्या फंडात मावत नाही, म्हणून किर्गिझस्तान, कझाकस्तान, फिलिपाइन्स, चीन. आमच्या एका सभासदाचा मुलगा बदलापूरहून बिश्केकला गेला. २०२४ च्या मे महिन्यात १७ तारखेच्या रात्री तिथे जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले. आपल्या वकिलातीने मुलांना घराबाहेर पडू नका असे कळविले. बदलापुरात त्याचे आईबाप रात्रभर फोन हातात धरून बसले होते. मुलगा महिन्याने घरी आला, दोन महिने राहिला आणि पुन्हा गेला. पहिल्या वर्षी म्हणे त्याला रोज आईच्या हातच्या भाकरीची आठवण येई. आता सुट्टीत घरी असला की तिकडच्या डोंगरांवरचे बर्फ आठवते. मी हे ऐकून निश्चिंत झालो. याची आठवण दुरुस्त होते आहे. शिकारपूरच्या हुंड्या त्या दिशेने जात त्या काळी पोहोचायला महिने लागत, हा मुलगा एका दिवसात जातो आणि येतो.

पण सगळ्यांचे असे झाले नाही. अंबरनाथची एक मुलगी चीनमध्ये वैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाला होती. २०२० च्या जानेवारीत हिवाळ्याच्या सुट्टीला एक बॅग घेऊन घरी आली. पाठोपाठ करोना आला आणि चीनचे दरवाजे बंद झाले. तिच्यासारखे सुमारे तेवीस हजार भारतीय विद्यार्थी असे बाहेर अडकले, त्यांतले बहुतेक वैद्यकीचे. विद्यार्थ्यांना पुन्हा व्हिसा मिळू लागला तो २०२२ च्या ऑगस्टमध्ये. अडीच वर्षे ही मुलगी एका खोलीत मोबाइलवर शस्त्रक्रिया शिकली. मध्येच, २०२१ च्या नोव्हेंबरात, इकडे नवे नियम आले: परदेशातला अभ्यासक्रम किमान चोपन्न महिन्यांचा हवा, वर बारा महिन्यांची उमेदवारी त्याच संस्थेत हवी. हे नियम मागच्या मुलांना लागू होतात की नाही, मोबाइलवर शिकलेले महिने धरतात की नाही, या चिंतेने तिची आई माझ्याकडे आली. माझ्याकडे म्हणजे अर्थात फॉर्म भरणारा म्हणून. त्या घरात मी एक चमत्कारिक गोष्ट पाहिली. मुलगी स्वतःच्या घरी होती, आईच्या हातचे खात होती, आणि तिला ओढ लागली होती ती चीनमधल्या वसतिगृहातल्या खोलीची.

दादा त्या वेळी एक्क्याऐंशी वर्षांचे होते. दर वर्षी हयातीचा दाखला देण्यासाठी ते कचेरीत येत. मशिनवर घासून घासून बोटांचे ठसे पुसट झालेले, ते यंत्रावर उमटत नसत. "शाळा सोडल्याचा एकदाही मिळाला नाही, जिवंत असल्याचा मात्र दर वर्षी मागतात," असे ते म्हणत. २०२१ च्या डिसेंबरात ते आले त्या दिवशी ही मायलेक बसल्या होत्या. मी ओळख करून दिली. सगळी हकीगत त्यांनी नीट ऐकून घेतली आणि मुलीला विचारले, "बेटी, निघताना दाखला आणलास?"

ती म्हणाली, "नाही दादा, कागद सगळे कॉलेजातच आहेत. परत जायचेच होते ना."

दादा काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "खोलीत काय काय आहे?"

मुलगी सांगू लागली. टेबलावर शरीरशास्त्राचे जाड पुस्तक, मधल्या पानावर पेन्सिल ठेवलेली. हिवाळी कोट. भाताचा विजेचा कुकर. खिडकीत एक रोप, ते मेलेच असणार. पलंगाखाली चपला. दादा एकेक वस्तूला मान हलवीत होते, स्टोअरकीपर यादी ताडून घेतो तसे. तिचे संपल्यावर त्यांनी, कोणी न विचारता, आपली सांगितली. शाळेतल्या भिंतीच्या कोनाड्यात ठेवलेली लाकडी पाटी, मुलतानी माती लावून पुसायची. बोरूच्या दोन लेखण्या, एक तुटकी. आणि काचेची दौत.

"दौत माझी नव्हती," ते म्हणाले. "शेजारी बसणाऱ्या पोराची होती. दुसऱ्या दिवशी परत देणार होतो."